अण्णांच्या पाठीची पाहणी

टण्!

स्टीलच्या पेल्यावर चमचा आपटला आणि दुपारची शांतता फुटली. उल्कानं श्वास रोखून आधी मांडीकडे पाहिलं. मांडीवर डोकं ठेवून झोपलेली पाच वर्षांची अंतरा नाकातल्या नाकात काहीतरी पुटपुटली, कूस बदलली आणि पुन्हा गाढ झाली. हुश्श! लॅपटॉपवरचं गणित अर्ध्यावर आलं होतं, पोरगी झोपली होती, सासूबाई, म्हणजे पद्माबाई, लवंडल्या होत्या. अशी दुपार उल्काच्या वाट्याला ग्रहणासारखी क्वचित यायची.

टण्! टण्!

पलीकडच्या खोलीत तिचे सासरे, अण्णा, पडून होते. जन्मभर रेल्वेच्या रुळांची देखभाल केलेला माणूस. हाका मारणं त्यांना कमीपणाचं वाटायचं, म्हणून त्यांनी सिग्नल ठरवले होते. एक टोला म्हणजे पाणी. दोन म्हणजे कुशीवर वळवा. तीन म्हणजे टीव्हीवरची ती रडणारी बाई बंद करा. चार टोले म्हणजे काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. अण्णांनी ते राखून ठेवले होते.

"आले, आले," म्हणत पद्माबाई कमरेवर हात ठेवून उठल्या. उल्का उठू लागली, तर त्यांनी दारातूनच तिला हातानं बसवलं. "तू बस. पोरगी जागी होईल. मी वळवते त्यांना."

उल्का बसली. बसली खरी, पण मन काही बसेना.

अण्णा म्हणजे सदाशिवराव, मूळचे मिरजेचे. उल्काच्या नवऱ्याला, अनुपला, लखनौला रेल्वेच्या संशोधन संस्थेत नोकरी लागली, तेव्हा ते "एवढ्या लांब? तिकडे भाजीत बटाट्याशिवाय काही घालत नाहीत" म्हणाले होते. आणि आता गेल्या दिवाळीनंतर डाव्या अंगावरून वारं गेल्यापासून तेच लखनौत, चिनहट भागाच्या अलीकडल्या या भाड्याच्या घरात, भिंतीला लावलेल्या पलंगावर, बटाट्यांना नावं ठेवत पडून होते.

गंमत अशी की उल्काचा विषयच हा. माणूस आडवा पडला, की हाड आणि गादी यांच्या कात्रीत सापडलेल्या मांसाचं काय होतं? रक्त कुठे अडतं, कातडी कुठे हार खाते? बेडसोर होण्याआधीच ते कुठे होणार, हे कॉम्प्युटरला सांगता येईल का? त्यासाठी ती तीन वर्षं एका वैद्यकीय संशोधन संस्थेत बसून माणसाच्या पाठीच्या खालच्या भागाचं मॉडेल बनवत होती. हाड, त्यावर मांस, चरबी, कातडी, सगळं बारीक जाळीत विणलेलं. अमुक वजन टाकलं की अमुक जागा लाल.

पद्माबाईंनी हे शेजारच्या श्रीवास्तव भाभींना समजावून सांगितलं होतं. "हमारी बहू लेटने पर रिसर्च करती है."

"लेटने पर?"

"हाँ. और बैठने पर भी."

भाभी म्हणाल्या, "वो तो हमारे यहाँ सभी करते हैं, बहनजी."

तर अशी ही पाठीची पंडिता. आणि तिच्याच घरात, तिच्याच सासऱ्यांच्या माकडहाडावर लाल चट्टा उठला होता, आणि तो तिनं पाहिलेला नव्हता.

कारण तो सुनेला दाखवायचा नसतो.

परक्या माणसांच्या पाठी तिनं शंभर पाहिल्या असतील. पण सासऱ्यांसमोर तिचा ओढणीचा पदर आपोआप सावरला जायचा आणि अण्णांचा हात आपोआप पांघरुणाकडे जायचा. मग सगळा कारभार पद्माबाईंच्या डोळ्यांवर, आणि पद्माबाईंची मोजमापं स्वयंपाकघरातली.

"आई, लाल म्हणजे केवढं लाल?"

"बोराएवढं."

"कुठलं बोर? आपल्याकडचं की इथलं?"

पद्माबाईंनी विचार केला. "आपल्याकडचं. रानातलं. इथली काय, लिंबाएवढी असतात."

"आणि दाबलं की पांढरं होतं का?"

"मी कशाला दाबू? दुखत असेल त्यांना."

"दाबून बघायलाच हवं. पांढरं होऊन परत लाल झालं, तर रक्त अजून फिरतंय. तसंच लाल राहिलं, तर मात्र…"

"तर काय?"

"तर आत मांस मरायला लागलंय, आई. मग एक दिवस कातडी फुटते, आणि अण्णांना साखरेचा त्रास. ती जखम भरून यायला वर्ष लागेल. आलीच तर."

पद्माबाईंचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी रिपोर्ट दिला. "दाबलं बाई मी."

"मग?"

"मग हे ओरडले."

"रंग, आई! रंग कसा झाला?"

"चष्मा कुठे होता मला?"

"मी बघू का एकदा?" उल्कानं जीव मुठीत धरून विचारलं.

पद्माबाईंनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू तिनं अण्णांचा पायजमा घालून लखनौच्या चौक बाजारात चिकनकारीचे कुर्ते घ्यायला जाते म्हटलं असावं. तेवढ्यात आतून आवाज आला. "काही गरज नाही! वारं पायावरून गेलंय, कानावरून नाही!"

अनुपनं मोबाइलवर फोटो काढून बघितला. त्यात पायजम्याची नाडी होती, अनुपचा अंगठा होता आणि बाकी तांबूस धुकं होतं. डॉक्टर महिन्यातून एकदा येत. ते "हर दो घंटे में करवट" म्हणत आणि स्कूटरला किक मारत. हवेची गादी आणली होती, पण तिचा पंप वीज गेली की बंद पडायचा, आणि वीज तर रोज जायची. शिवाय अण्णांचं म्हणणं होतं, "खाली कुणीतरी झोपलंय आणि तेही कूस बदलतंय असं वाटतं. मला नको." ती माळ्यावर गेली आणि मिरजेची कापसाची गादी खाली आली.

शेवटी उल्कानं संस्थेतून दाब मोजणारी चादर आणली. पातळ, आत शेकडो इवल्या तारा, एक वायर लॅपटॉपला. वर माणूस कपड्यांसकट झोपला तरी चालतं. कुठे किती भार, ते पडद्यावर रंगांत उमटतं. कमी तिथे निळं, जास्त तिथे लाल.

"म्हणजे वजनकाटा," अण्णा म्हणाले.

"तसंच काहीसं, अण्णा."

"आमच्याकडे वॅगन तोलायचा काटा होता. आख्खी भरलेली वॅगन." त्यांनी चादर बोटांनी चाचपली. "चालेल. घाल. कपडे काढायचे नाहीत ना?"

"नाही."

"मग सायन्सला माझी हरकत नाही."

पडद्यावर अण्णा उमटले. खांदे हिरवे, टाचा पिवळ्या, आणि कमरेखाली लाल. पण तो लाल डाग भलतीकडेच होता. मॉडेल सांगत होतं की मधोमध, हाडाच्या टोकावर यायला हवा. हा दोन बोटं बाजूला. आणि गोलही नाही. लांबट, एका बाजूची कड अगदी सरळ, फुटपट्टीनं ओढल्यासारखी.

आता, माणसाच्या शरीरात फुटपट्टीनं ओढलेलं काही नसतं. हे उल्काला कळायला हवं होतं. तीन वर्षं तिनं दुसरं केलं काय होतं? पण शिकलेल्या माणसाची एक खोड असते. पडद्यावरचं आणि पलंगावरचं जुळलं नाही, की तो आधी पडद्यावरचं दुरुस्त करायला घेतो. तिनं मॉडेलमधलं हाड थोडं सरकवलं. जुळेना. थोडं फिरवलं. जुळेना. कंबर तिरकी केली, मांस कडक केलं, मग मऊ केलं. अंतरा शाळेत असताना एक हाड, अंतराला भरवताना दुसरं. पोरीच्या तोंडात वरणभाताऐवजी नुसता चमचा गेला, तेव्हा ती म्हणाली, "मम्मा, आप कहाँ हो?"

"आजोबांच्या माकडहाडात, बाळा."

संस्थेतल्या सरांना तिनं फोन केला. सर म्हणाले, हाडाला जन्मतः एखादा फाटा असू शकतो, दुर्मीळ केस असेल, लिहून काढा. बास! घरात दिवाळी. अण्णांनी मिरजेला थोरल्या भावाला फोन लावायला लावला. "दादा, ऐक. माझं हाड दुर्मीळ निघालं. हो, हो. लिहून काढणारेत. नाही, तुझं नसेल. तुझं साधंच असणार."

पद्माबाईंनी श्रीवास्तव भाभींना सांगितलं. भाभी खिरीचा वाडगा घेऊन हाड बघायला आल्या आणि पांघरूणच बघून गेल्या.

एवढ्यात चट्टा बोराचा सुपारीएवढा झाला.

ते ऐकलं आणि उल्कानं लॅपटॉप मिटला. दुर्मीळ हाड गेलं खड्ड्यात. आणखी दोन आठवडे असेच गेले, तर कातडी फुटणार. बेडसोरवर शोधनिबंध लिहिणाऱ्या बाईच्या घरात बेडसोर! पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा तिला दुसरंच आठवत होतं. अंतरा जन्मली, तेव्हा हाच माणूस दोन रात्रींचा प्रवास करून आला होता. बाळाला हातात घ्यायला घाबरला होता, आणि पाळण्याची दोरी मात्र स्पिरिट लेव्हल लावून बांधून गेला होता.

रविवारी सकाळी अनुपनं अण्णांना उचलून खुर्चीत बसवलं आणि दाढीसाठी व्हरांड्यात नेलं. पलंग रिकामा. उल्काला वाटलं, चादरच तर बिघडली नसेल? आपणच झोपून बघावं. तिनं इकडेतिकडे पाहिलं, चप्पल काढली आणि सासऱ्यांच्या पलंगावर उताणी झाली.

दारात अंतरा. "मम्मा, आप भी बीमार हो गईं?"

"नाही गं. मोजतेय."

"क्या?"

"स्वतःला," असं म्हणता म्हणता उल्काच्या कमरेखाली काहीतरी टोचलं. टोचलं म्हणजे टोचलंच. कडक, सरळ, लांबच्या लांब. ती सरकली. तेही तिथेच. माझं पण हाड दुर्मीळ?

तेवढ्यात हातात आंघोळीचा टॉवेल घेऊन पद्माबाई आल्या आणि किंचाळल्या. "अगं, तिथं नको झोपूस! म्हणजे… चादर चुरगळते!"

उल्का उठून बसली. सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी छताकडे पाहिलं. उल्कानं गादीची भिंतीकडची बाजू उचलली.

खाली पाट होता. देवघरातला, शिसवी, पितळी फुल्यांचा. गेले कित्येक दिवस पद्माबाई नैवेद्याला घडी घातलेल्या शालीवर बसत होत्या आणि पाट कुठे गेला विचारलं की "असेल कुठेतरी" म्हणत होत्या. तो इथे, भिंतीकडच्या अर्ध्या भागात आडवा बसवलेला, कड अगदी बरोब्बर पलंगाच्या मधोमध. म्हणजे अण्णांच्या खाली.

"आई…"

"मला काय विचारतेस? त्यांनीच सांगितलं. मी फक्त सरकवला."

"अगं, काय झालं?" व्हरांड्यातून आवाज आला. खुर्ची आत ढकलली गेली. अण्णांच्या एका गालावर फेस, दुसरा गुळगुळीत. पाट त्यांनी बघितला. मग हनुवटी वर करून म्हणाले, "पॅकिंग आहे ते."

"पॅकिंग?" अनुप.

"तू रेल्वेत आहेस की कारकुनीत? वळणावर बाहेरचा रूळ उचलून घ्यावा लागतो, नाहीतर गाडी एकीकडे कलंडते. भिंतीकडची बाजू उचलली की मी आपोआप खोलीकडे कुशीवर राहतो. वळवायला कुणी नको."

"अण्णा, तुम्ही वळणावर नाही, पलंगावर आहात!"

"तत्त्व एकच."

"पण वळवायला कुणी नको म्हणजे?" उल्कानं हळूच विचारलं. "आई तर दर दोन तासांनी…"

पद्माबाई टॉवेलची घडी घालू लागल्या, ती मोडून पुन्हा घालू लागल्या. अण्णा वळले नाहीत, कारण त्यांना वळता येत नव्हतं, पण नजर मात्र भिंतीकडे गेली.

"तिची कंबर धरते," ते म्हणाले. "मला वळवून परत झोपायला जाते, तेव्हा भिंत धरत जाते. मला ऐकू येतं. मी झोपेचं सोंग घेतो, पण ऐकू येतं."

"आणि हे पाटावर शांत झोपतात, म्हणून मीही उठवलं नाही," पद्माबाई पुटपुटल्या. "दोन घास झोप मिळते त्यांना."

उल्का पाट मांडीवर घेऊन बसली. दोघं एकमेकांच्या झोपेसाठी पाट सरकवत होते, आणि ती मात्र पडद्यावर हाडं फिरवत बसली होती. तिला हसू आलं आणि त्या हसण्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी येऊ लागलं, म्हणून ती घाईघाईनं म्हणाली, "अण्णा, कल्पना शंभर टक्के बरोबर आहे. थोडं तिरकं झोपवायचं, असंच आम्हीही सांगतो. फक्त पाटाला कड असते. पाठीखाली कड नको."

अण्णांचा फेसाचा गाल उजळला. "म्हणजे डिझाइन बरोबर, मटेरियल चुकलं."

"हो."

"आणि तुझ्या त्या कॉम्प्युटरात जी पाठ आहे, ती कुणाची?"

उल्का म्हणाली, "एका विद्यार्थ्याची. स्कॅन करून घेतली होती. तिशीतला आहे. कबड्डी खेळतो."

"कबड्डी!" अण्णा हसले, फेस उडाला. "अगं, कबड्डीवाल्याची पाठ घालून माझं गणित सोडवतेस? रूळ न बघता रिपोर्ट? माझ्या हाताखालच्यानं असं केलं असतं, तर ट्रॉलीवरून उतरवून चालत पाठवला असता त्याला."

"तुम्ही बघू देत नाही ना, अण्णा."

ती बोलून गेली. अण्णांनी पद्माबाईंकडे पाहिलं. पद्माबाईंनी घडी केलेल्या टॉवेलकडे पाहिलं. अनुप वस्तरा धुवायला जाऊन तिकडेच राहिला.

"पाहणी," अण्णा शेवटी म्हणाले. "पाहणी म्हणून बघायचं. सून म्हणून नाही."

"नाही, अण्णा. इन्स्पेक्टर म्हणून."

"आणि मी स्टेशनं म्हणणार. मिरज ते कोल्हापूर. कोल्हापूर यायच्या आत आटपायचं."

दाढी पुरी झाली, अण्णांना कुशीवर झोपवलं, तोंड भिंतीकडे. पद्माबाईंनी चादरीचा आडपडदा धरला आणि त्यामागे मान वळवून उभ्या राहिल्या, जणू पाठ त्यांनीही कधी पाहिली नव्हती.

"मिरज," अण्णा गरजले. "जयसिंगपूर."

उल्कानं बघितलं. आधी चट्टा दिसलाच नाही. दिसलं ते एवढंच, की अण्णा उरलेच नव्हते. कातडीखाली लगेच हाड. मॉडेलमध्ये जिथे मांसाची जाड गादी होती, तिथे जेमतेम कागदाएवढा थर. आणि त्यावर तो चट्टा, सुपारीएवढा, तापलेला.

"निमशिरगाव… हातकणंगले…"

तिनं अंगठा टेकवला. दाबला. मनातल्या मनात गजाननाला हाक मारली आणि उचलला. अंगठ्याखालची जागा पांढरी. तशीच पांढरी. अजून पांढरी. मग कडेनं हळूहळू, लाजत आल्यासारखा, रंग परत आला.

"लाल झालं!" ती ओरडली. "आई, परत लाल झालं!"

"अगं बाई, लाल झालं म्हणून आनंद कसला?" पडद्यामागून सासूबाई.

"रक्त फिरतंय! अजून काही गेलेलं नाही!"

"रुकडी," अण्णा म्हणाले. पुढचं वळिवडे आलंच नाही. कोल्हापूर तर राहूनच गेलं.

चिनहटच्या कारखान्यांच्या भागातून उल्कानं फोमची उतरती पाचर कापून आणली, कुठेही कड नसलेली. पाट देवघरात गेला. वळवण्याला अण्णांनी नावं दिली. खिडकीकडे म्हणजे अप, भिंतीकडे म्हणजे डाऊन. रात्रीच्या दोन्ही गाड्या अनुपकडे आल्या, आणि गाडी लेट झाली की सकाळी चहाबरोबर त्याची चौकशी व्हायची. पद्माबाई रात्रभर झोपू लागल्या. घोरूही लागल्या, त्यावर तीन टोले पडायचे. सुपारीचं बोर झालं, बोराचा वाटाणा, आणि एके दिवशी पद्माबाई चष्मा लावून म्हणाल्या, "मसुराएवढं. तेही शोधावं लागतं."

भाऊ फोनवर दुर्मीळ हाडाचं विचारी, तेव्हा अण्णा म्हणत, "ऐकू येत नाही, दादा. इकडे लाइन खराब आहे."

आणि उल्कानं कबड्डीवाल्याला मॉडेलमधून काढून टाकलं. अण्णांचा मुतखड्याच्या वेळचा जुना स्कॅन घरात होता, मिरजेचा, ते चांगले खाऊनपिऊन होते तेव्हाचा. त्यावरून तिनं हाडाचा आकार घेतला आणि त्या वेळच्या पाठीची रेघ काढली. मग सोनोग्राफीचं छोटं यंत्र आणून आताचं मांस मोजलं (पुन्हा मिरजेपासून, या खेपेला गाडी कोल्हापूरला पोचली) आणि आतून दुसरी रेघ ओढली. एका बाहेरच्या रेघेच्या आत दुसरी रेघ. आता पडदा आणि पलंग जुळत होते.

संध्याकाळी अंतरा शाळेचा गृहपाठ टाकून मांडीवर चढली. पडद्यावर नाक टेकवून विचारू लागली.

"मम्मा, ये क्या है?"

"आजोबांची पाठ. ही बाहेरची रेघ दिसते ना? तू बाळ होतीस, तेव्हाचे आजोबा."

"और ये अंदर वाली?"

"हे आत्ताचे आजोबा."

अंतरानं बोट ठेवलं. बाहेरच्या रेघेवरून फिरवलं, मग आतल्या. मग दोन्हींच्या मधल्या रिकाम्या जागेत ते बोट थांबलं. पलीकडच्या खोलीत अण्णा अनुपला सांगत होते, की अप गाडी आज वेळेआधी सुटली आणि हे बरोबर नाही.

"मम्मा," अंतरा म्हणाली, "तो ये बीच वाले आजोबा कहाँ गए?"